पाण्यातही स्थिर

कारखान्यात तिला समोर ‘बाई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘भांडीवाली’. तिला त्याचं वाईट वाटत नसे. ज्यांना तिथे चांगली नावं पडली होती त्यांची कामं तिने जवळून पाहिली होती.

तिचं काम गोळ्या विरघळतात की नाही ते बघण्याचं. खिडकीखालच्या लांबट यंत्रात काचेची सहा भांडी एका ओळीत टांगलेली असत. प्रत्येकात अंगाच्या तापमानाइतकं कोमट पाणी आणि त्यात वरून सोडलेलं एक छोटं वल्हं, संथ फिरणारं. प्रत्येक भांड्यात एक गोळी सोडायची, घड्याळ लावायचं आणि अर्ध्या तासाने पाण्यात किती औषध उतरलं ते मोजायचं. शंभरातले ऐंशी भाग उतरले तर गोळी पास. माणसाच्या पोटात यापेक्षा वेगळं काही होत नाही, फक्त तिथे बघायला कुणी नसतं. संध्याकाळी ती सहाही भांडी स्वतःच्या हातांनी धुवून पालथी घालायची, कारण दुसऱ्याने धुतलेल्या भांड्यावर तिचा विश्वास नव्हता. नाव पडलं ते त्यावरून.

कारखान्याची सगळ्यात जुनी, सगळ्यात खपाची गोळी म्हणजे फिटची. तीच गोळी तिची थोरली बहीण सहा वर्षं घेत होती. ताई पाट्या रंगवायची. दुकानाच्या, दवाखान्याच्या, ‘येथे गाडी लावू नये’च्या, शिडीवर उभं राहून, दातात एक ब्रश आणि हातात दुसरा. पहिली तीन वर्षं डॉक्टरांनी तिला शिडीला हात लावू दिला नव्हता. मग एकही फिट आली नाही तशी परवानगी मिळाली, आणि त्यालाही आता तीन वर्षं होत आली होती.

“तुझी भांडी आणि माझी शिडी,” ताई म्हणायची, “दोघींच्या मध्ये एवढीशी गोळी. नीट लक्ष ठेव गं बाई.”

ती ठेवत होतीच. पण गडबड झाली ती तिच्या खोलीत नाही, टाकीत झाली.

टाकीवर एक काका होते. औषध विरघळवलेला गरम द्रव ते झपाट्याने थंड करायचे, आणि मग तळाशी बारीक सुयांसारख्या स्फटिकांचा पांढरा भुगा साचायचा. वीस वर्षं असंच चालू होतं. यंदाच्या तीन दिवसांच्या सुट्टीत गार पाण्याचा पंप बंद पडला आणि टाकी आपली आपल्या मनाने, सावकाश निवली. सुट्टीनंतर काकांनी झाकण उघडलं तर आत भुगा नव्हता. साखरेसारखे जाड, टोकदार, लखलखणारे खडे होते.

काका घाबरले. साहेबांना बोलावलं. साहेबांनी आत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काकांना वाटलं, टाकीतला उजेडच वर आला.

“हे इतकी वर्षं का नाही झालं?” साहेब म्हणाले.

“पंप बंद पडला नव्हता साहेब.”

साहेब कारखान्याचे सर्वेसर्वा. हुशार माणूस, मात्र कुठलाही कागद पहिल्या ओळीपलीकडे वाचायचा नाही असा त्यांचा नेम होता, आणि तो त्यांनी निष्ठेने पाळला होता. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत गेला, चार पानी अहवाल आला. पहिली ओळ होती: ‘हे त्याच औषधाचे वेगळे स्फटिकरूप असून ते जुन्या रूपापेक्षा अधिक स्थिर आहे.’

‘अधिक स्थिर’ या दोन शब्दांखाली साहेबांनी लाल रेघ मारली. उरलेली पावणेचार पानं टाचणीसकट कोरी करकरीत राहिली.

मग त्यांनी ते खडे काचेच्या उघड्या वाडग्यात भरले आणि वाडगा हातात घेऊन कारखानाभर हिंडले. दळणाच्या खोलीत नेला, गोळ्या दाबायच्या यंत्रापाशी नेला, बाकीच्या चारही टाक्यांवर नेला. प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवली. “बघा, कसं झळकतंय! हाताला चिकटत नाही, गुठळी होत नाही. याला म्हणतात प्रगती!” लोकांनी बघितलं, हात झटकले आणि कामाला लागले.

आठवड्याभरात पाचही टाक्यांमध्ये खडे पडायला लागले. पंप दुरुस्त झाला होता, पाणी गार होतं, काका जुन्याच पद्धतीने सगळं करत होते, तरी सुया म्हणून पडेनात. काकांनी टाकी दोनदा धुतली, तिसऱ्यांदा धुतली. शेवटी ते भांडीवालीच्या दारात येऊन उभे राहिले.

“बाई, मला एक सांग. मी म्हातारा झालो की टाकी?”

तिने सगळं विचारून घेतलं: कधीपासून, कुठल्या टाकीपासून, त्या दिवशी खोलीत कोण कोण आलं होतं. वाडग्याची गोष्ट ऐकल्यावर तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“काका, दह्याचा एक थेंब दुधात पडला तर?”

“विरजण लागतं.”

“तसंच. या नव्या रूपाचा एक कण टाकीत पडला की बाकीचे त्याचं बघून तसेच बसतात. डोळ्यांना दिसणार नाही एवढा कणही पुरतो.”

काकांनी आपल्या बाहीकडे पाहिलं, मग खिशाकडे. त्यांनी तळहातावरचा खडा आठवण म्हणून कागदात बांधून खिशात ठेवला होता. तोच सदरा घालून ते रोज टाकीवर वाकत होते.

“म्हणजे साहेबांनी सगळ्या कारखान्याला विरजण लावलं,” काका हळूच म्हणाले, “आणि मी चमचा झालो.”

आता या खड्यांच्या गोळ्यांची परीक्षा तिच्याकडे यायला हवी होती. पण साहेबांना घाई झाली होती. गोळ्या तयार झाल्या, नव्या झगमगीत खोक्यांत भरल्या गेल्या, आणि परीक्षेआधीच साहेबांनी एक टूम काढली: पहिला मान घरच्यांचा! ज्यांच्या घरात कुणी ही गोळी घेतं, त्यांना एकेक खोकं भेट. भांडीवाली त्या दिवशी रजेवर होती. तिच्या नावाचं खोकं साहेबांच्या शिपायाने थेट ताईच्या घरी पोचवलं.

हे तिला पंधरा दिवसांनी कळलं, तेही एका पाटीवरून.

ताईने शिंप्याच्या दुकानाची पाटी रंगवली होती. रविवारी दोघी तिथून चालल्या होत्या. ताईने वर बोट दाखवलं आणि हसायला लागली. पाटीवर सुरेख निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘शिशिवणकाम’.

“शिंपी म्हणतो, पाटीला थंडी वाजतेय का? मी म्हटलं, स्वेटर शिव तिला. उद्या पुसून देते.”

भांडीवाली हसली नाही. “ताई, पहिलं ‘शि’ काढलेलं तुला आठवतंय?”

“म्हणजे काय, आठवणारच की...” ताई थांबली. तिने पाटीकडे पुन्हा पाहिलं. हसू तोंडावरच राहिलं, पण त्याच्यामागचं सगळं निघून गेलं. “नाही गं,” ती म्हणाली. “दुसरंच आठवतंय. मला वाटलं, मी आत्ता सुरुवात करतेय.”

“कितव्या पायरीवर होतीस?”

“पाचव्या.”

ताईची फिट अशीच असायची, क्षणभर भान जायचं. दोघी तशाच घरी आल्या. ओट्यावर औषधाचं खोकं होतं. नवं, झगमगीत.

सोमवारी सकाळी ताईच्या खोक्यातल्या सहा गोळ्या सहा भांड्यांत पडल्या. रोज काय व्हायचं ते तिला पाठ होतं: गोळी तळाला टेकते, कडा भुसभुशीत होतात, मग पांढरा ढग उठतो आणि वीस मिनिटांत पाण्याखेरीज काही दिसत नाही. आज गोळ्या फुटल्या खऱ्या, पण ढग उठला नाही. वल्ह्याखाली चमकत्या कणांचा एकेक ढीग झाला आणि तिथेच ठाण मांडून बसला. अर्ध्या तासाने तिने मोजलं. शंभरात एकतीस.

तिने पुन्हा केलं. तीस. नवी भांडी, नवं पाणी. बत्तीस.

त्याच दुपारी तिने ताईला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दुसऱ्या कारखान्याची गोळी लिहून दिली आणि शिडी महिनाभर बंद केली. रिक्षात ताईने तोंड फुगवलं होतं.

“औषध तेच, वजन तेवढंच, शुद्ध पण तेवढंच. मग घोडं कुठे पेंड खातं?”

“बसण्याच्या तऱ्हेपाशी. पूर्वी रेणू सैल बसायचे, पाणी आलं की उठायचे. आता एकमेकांना घट्ट धरून बसलेत. पाणी आलं तरी उठत नाहीत.”

“म्हणजे पाहुणे तेच,” ताई म्हणाली, “पण आता पलंगावर पाय पसरून बसलेत.”

“आणि तुझ्या पोटातून तसेच निघून जाताहेत.”

मंगळवारी ती कारखान्यातल्या बाकीच्या सात घरांत जाऊन खोकी परत घेऊन आली. बुधवारी साहेबांनी बैठक बोलावली. येत्या सोमवारी माल बाहेर पडायचा होता; दुकानादुकानांत, गावोगाव. त्याच सोमवारी औषध खात्याचे निरीक्षक वार्षिक पाहणीला यायचे होते. मालाच्या कागदावर भांडीवालीची सही लागत होती, आणि कागदावर तिने ‘नापास’ लिहिलं होतं.

“तुमचं म्हणणं काय आहे बाई?” साहेब म्हणाले. वाडगा त्यांच्या टेबलावर होता, आता त्याला झाकण होतं.

“गोळी विरघळत नाही.”

“विरघळत नाही की सावकाश विरघळते?”

“माणसाला फिट सावकाश येत नाही साहेब.”

साहेबांनी ते मनाला लावून घेतलं नाही. ते उपाय शोधणारे गृहस्थ होते. “वल्ही जरा जोरात फिरवा.”

“किती जोरात?”

“विरघळेल इतकी.”

“मग पाणी छतापर्यंत उडेल.”

“बरं, अर्ध्या तासाऐवजी चार तास ठेवा.”

“गोळी पोटात चार तास थांबत नाही. पुढे निघून जाते.”

“तुम्ही ना,” साहेब खुर्चीत मागे रेलले, “प्रत्येक चांगल्या कामावर विरजण घालता.”

टाकीवाले काका कोपऱ्यात बसले होते. त्यांना एकदम खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही.

“जुनं रूप परत आणायचं तर सगळं बंद करून टाक्या, नळ्या, भिंती, लोकांचे कपडे धुवावे लागतील,” ती म्हणाली. “दोन महिने तरी.”

“त्यापेक्षा तुम्हीच सोमवारी रजा घ्या. परीक्षा दुसरं कुणी घेईल, वल्ही तो फिरवेल.” साहेबांनी तिचा अहवाल पुढे ओढला आणि नेमाप्रमाणे पहिली ओळ वाचली. वाचली, पुन्हा वाचली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर टाकीतला तो उजेड परत आला.

ओळ अशी होती: ‘नव्या रूपातील औषध अर्ध्या तासानंतर पाण्यातही स्थिर राहते.’

“अहो बाई! एवढं सुरेख लिहिता येतं तुम्हाला, आणि तोंडाने नुसतं नाही-नाही!”

“साहेब, ती तक्रार आहे.”

“तक्रारसुद्धा किती छान शब्दांत!” त्यांनी लाल पेनाने रेघ मारली. “पाण्यातही स्थिर! हे फाटकाबाहेरच्या भिंतीवर पाहिजे. सोमवारच्या आत. निरीक्षक साहेब आल्या आल्या वाचतील. पाट्या रंगवणारं कुणी आहे माहितीतलं?”

काकांनी भांडीवालीकडे पाहिलं.

“आहे,” भांडीवाली म्हणाली.

संध्याकाळी ताईला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. मग डोळे पुसून तिने विचारलं, “आणि त्याला कळत नाही?”

“चार वेळा सांगितलं. आणखी कसं सांगू?”

“मी सांगते,” ताई म्हणाली. “फूटभर उंचीच्या अक्षरांत.”

शनिवारी ताई भिंत बघायला गेली. साहेबांनी वरची जागा दाखवली, भिंतीच्या माथ्याजवळची, लांबून दिसेल अशी.

“शिडी नाही चढणार मी.”

“का? पेंटर ना तुम्ही?”

“तुमच्याच गोळीने उतरवलंय साहेब. जमिनीवर उभी राहून जेवढं हात पोचेल तेवढंच रंगवीन. चालत असेल तर बोला.”

साहेबांना पहिल्या वाक्याचा अर्थ लागला नाही आणि दुसरं पटलं. दोन दिवसांत दुसरा पेंटर कुठून आणणार? “पण रंग चांगला वापरा,” त्यांनी बजावलं. “टिकाऊ पाहिजे. पावसाने-बिवसाने जाता कामा नये.”

“त्याची काळजीच नको,” ताई म्हणाली.

सोमवारी भांडीवाली रजेवर होती. रजेवरच्या माणसाने फाटकाबाहेरच्या रस्त्यावर उभं राहू नये असा नियम कारखान्यात नव्हता. ती बहिणीचा रंगाचा डबा धरून उभी होती. काखेत पिशवी, पिशवीत तिची आकड्यांची वही. निरीक्षकांना फाटकाशीच गाठायचं आणि सगळं सांगायचं असं तिने ठरवलं होतं. पण सुरुवात कशी करायची हे रात्रीपासून जुळत नव्हतं. “नमस्कार, मी भांडीवाली” असं तर म्हणता येत नव्हतं. आत भरलेल्या गाड्यांची तोंडं फाटकाकडे होती.

ताई शेवटच्या अक्षरावर होती. साडेदहाला एक साधी, धुळकट गाडी येऊन थांबली. आतून उतरलेले गृहस्थ उतरत्या वयाचे होते, हातात बॅग आणि नाकाच्या टोकावर चष्मा. भिंतीवरची अक्षरं बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर आली, कारण ताईची उंची आणि त्यांची उंची जवळपास सारखीच होती.

*फिटवरची आमची नवी गोळी. आता पाण्यातही स्थिर!*

त्यांनी वाचलं. चष्मा वर सरकवून पुन्हा वाचलं.

“हे,” त्यांनी ताईला विचारलं, “तुमच्या मनचं आहे?”

“छे हो. मी फक्त अक्षरं काढते. ओळ हिची.”

निरीक्षक भांडीवालीकडे वळले. “तुम्ही इथे काय करता?”

“गोळ्या विरघळवून बघते.”

“आणि?”

तिला सुरुवात शोधावी लागलीच नाही. ती भिंतीवर होती. “आणि भिंतीवर लिहिलंय ते अगदी खरं आहे,” ती म्हणाली, आणि पिशवीतून वही काढली.

साहेब फाटकाशी आले तेव्हा निरीक्षक उन्हातच उभे राहून आकडे वाचत होते, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. साहेब खुशीत होते. “आल्या आल्या वाचलंत ना साहेब? कसं वाटलं?”

“एवढं प्रामाणिक लिहिलेलं मी आजवर पाहिलं नाही,” निरीक्षक म्हणाले. “चला, ती भांडी दाखवा. आणि या बाईंना बरोबर घ्या.”

“त्या रजेवर आहेत.”

“आता नाहीत.”

आत गेल्यावर गाडीतून कुठलंही एक खोकं काढून आणलं गेलं. सहा गोळ्या, सहा भांडी, वल्ही नेहमीच्या संथ चालीने. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा ते यंत्र चालताना अर्धा तास पाहिलं. दहाव्या मिनिटाला त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, पंधराव्या मिनिटाला छताकडे. विसाव्या मिनिटाला ते काकांच्या कानाशी कुजबुजले, “आता विरघळेल ना?”

“आता कसली विरघळते साहेब,” काका कुजबुजले. “मी त्या खड्याने कानाला खडा लावलाय.”

तीस मिनिटं झाली. सहाही भांड्यांच्या तळाशी चमकणारे ढीग होते तसे बसून होते. भांडीवालीने मोजून आकडा सांगितला. एकतीस.

निरीक्षकांनी बॅग उघडली, कागद काढला आणि भराभर लिहायला घेतलं: माल जागेवरच थांबवावा, कारखाना बंद ठेवून साफ करावा, परीक्षेआधी गोळ्या घरोघर कुणी वाटल्या ते लेखी कळवावं. शेवटच्या कलमापाशी त्यांनी वर पाहिलं. साहेब आपल्या टेबलावरून आणवलेल्या वाडग्याकडे पाहत होते. वाडगा आता पुरावा म्हणून बॅगेत जायचा होता.

दुपारी गाड्या रिकाम्या झाल्या. साहेब तरातरा फाटकाबाहेर आले. ताई ब्रश घासलेटमध्ये बुचकळून धूत होती. रस्त्यावरून जाणारे दोघंतिघं भिंत वाचत उभे होते.

“पुसा ते! आत्ताच्या आत्ता!”

ताईने ब्रश शांतपणे फडक्याला पुसला. “जाणार नाही साहेब. तेलाचा रंग आहे, वाळलाय. तुम्हीच म्हणालात ना, टिकाऊ पाहिजे?”

“पाणी मारा! घासा!”

“पाण्याने काय होणार त्याला,” ताई म्हणाली. “लिहिलंय की.”

साहेब भिंतीकडे बघत राहिले. कदाचित पहिल्यांदाच त्यांनी ती ओळ शेवटपर्यंत वाचली असावी.

पुढचे दोन महिने कारखान्यात फक्त धुण्याचं काम होतं. टाक्या धुतल्या, नळ्या धुतल्या, सदरे बदलले, काकांनी खिसे उलटे करून दाखवले. भांड्यांबद्दल मात्र तिला कुणी काही सांगितलं नाही; ती आधीच धुतलेली होती.

शिडीबंदीचा महिना भरला त्या दिवशी ताई नव्या गोळ्यांची पट्टी घेऊन बहिणीच्या खोलीत आली. दुसऱ्या कारखान्याची गोळी होती; पण भांडीवालीने तरी एक काढून घेतली आणि पहिल्या भांड्यात सोडली. दोघी काचेला नाक लावून बघत राहिल्या. गोळी तळाला टेकली. कडा भुसभुशीत झाल्या. मग पांढरा ढग उठला, वल्ह्याबरोबर एक गिरकी घेऊन पातळ होत गेला, आणि भांड्यात नुसतं पाणी उरलं.

“गेली बिचारी,” ताई म्हणाली. “अजिबात स्थिर नव्हती.”

“अठरा मिनिटं,” भांडीवालीने वहीत लिहिलं.

ताईने पिशवी खांद्याला अडकवली. “मग जाऊ? शिंप्याची पाटी राहिलीये. एक ‘शि’ पुसायचंय.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“तिसऱ्या पायरीपर्यंत.”

“मग तिसरीच. चौथी नाही.”

“हो गं बाई,” ताई दारातून म्हणाली, “तू आपली भांडी धू.”